विलास मांडवकरचे अकरा वाटे

विलास मांडवकरला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो झोपलेला होता. २००२ सालचा गणपती, कॅनडातल्या कोक्विटलाममधल्या एका शाळेचा भाड्याने घेतलेला हॉल, समोर पोरांची झांजा वाजवत आरती चाललेली, आणि तिसऱ्या रांगेत हा माणूस ताठ बसून, हात मांडीवर ठेवून गाढ झोपला होता. मान जरासुद्धा कलली नव्हती. वर्गात असं झोपणारी मुलं मी तीस वर्षं पाहिली. ती चुकार नसतात, पहाटे उठून घरोघरी दूध टाकून आलेली असतात. शेजारी त्याची बायको उमा त्याच्या प्रसादाची वाटी हातात धरून बसली होती. माझं लक्ष गेलेलं पाहून ती हळूच म्हणाली, "रात्रपाळी करून आलेत. आरती संपली की आपोआप उठतील."

तसा तो उठला. बाकीचे दोन-दोन खुर्च्या उचलत होते, त्याने पाच उचलल्या. पायऱ्या मात्र तिरका होऊन, एकेक करत उतरला.

नाशिकच्या शाळेतून निवृत्त होऊन मी मुलाकडे, अनुपकडे, आले त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. उमाशी ओळख वाढली ती मॉलमध्ये. पावसाच्या महिन्यांत सकाळी दुकानं उघडायच्या आधी आम्ही दोघी तिथे फेऱ्या मारायचो. तिच्याकडूनच कळलं की विलास फ्रेझर नदीकाठच्या एका लाकूड गिरणीत मशीन दुरुस्तीचं काम करतो, तेवीस वर्षं त्याच गिरणीत आहे, आणि वर्षातून एकदा, नोव्हेंबरमध्ये, पाच दिवस शिकारीला जातो. हे सांगताना तिने माझ्याकडे जरा चाचरत पाहिलं, कारण मी मांस खात नाही. मी म्हटलं, "मग तू का जात नाहीस बरोबर?" ती म्हणाली, "पाच दिवस मला घर एकटीला मिळतं ते."

विलास लांज्याच्या बाजूचा. त्याच्या लहानपणी चुलत्याकडे ठासणीची बंदूक होती आणि गावात डुकराचा हाका निघायचा, म्हणजे माणसं आणि कुत्री रान उठवून डुकराला बंदुकीसमोर काढायची. मारलेल्या डुकराचे वाटे जागेवरच पडायचे. ज्याने ज्याने हाका घातला त्याच्या घराला एक, बंदुकीचा एक, कुत्र्याचा एक. प्रत्येक वाट्यात सगळ्यातलं थोडं थोडं: काळजाचा तुकडा, बरगडीचा, मांडीचा. कुणाला चांगलं आणि कुणाला हाडं असं व्हायचं नाही. वाटे घालायचं काम विलासच्या वडिलांकडे असायचं आणि तो त्यांच्या हाताखाली शिकला. कॅनडात आल्यावर तो परीक्षा देऊन, रीतसर लायसन्स काढून शिकार करायला लागला. इकडे डोंगरात म्यूल डिअर म्हणतात ते मोठ्या कानांचं, धिप्पाड हरीण असतं. ते मिळालं की उमा नऊ घरांत डबे पोचवायची. मला मांस नको म्हणून माझ्यासाठी परतीच्या वाटेवरून सफरचंदांची पेटी यायची. "बाई, तुमचा वाटा," म्हणून पेटी तो स्वतः दारात आणून ठेवायचा.

या शिकारीत त्याचा जोडीदार होता दिलीप. नागपूरचा, जवळच्या सरे शहरात राहणारा, ट्रक चालवणारा. दोघांची कामं ठरलेली होती. बंदूक आणि सुरी विलासची. नकाशा, रेडिओ आणि सरकारी नियमांचं पुस्तक दिलीपचं. मारलेलं हरीण पाठीवर घालून गाडीपर्यंत आणायचं ते दोघांनी. बारा वर्षं त्यांचं असं चाललं. २००८ च्या उन्हाळ्यात दिलीप मुलाकडे, पार पूर्वेकडच्या मार्कहॅमला, कायमचा निघून गेला. नातवंडं सांभाळायला माणूस हवं होतं.

त्या वर्षी विलास गेलाच नाही. पुढच्या वर्षी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, दोन्ही गुडघे गेलेले असताना, तो एकटा गेला.

पुढे काय झालं ते त्याने मला आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. तोवर ते उमाकडून तीनदा ऐकून झालं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

क्लिंटन गावाच्या पलीकडच्या डोंगरात तिसऱ्या दिवशी त्याला नर मिळाला. त्या हंगामात शिंगाच्या एका बाजूला निदान चार टोकं असलेलाच नर मारता येतो. याला चार होती, त्याने दुर्बिणीतून तीनदा मोजली होती. गाडी खाली, दोन किलोमीटरवर. दिलीप असता तर चार मोठे भाग करून दोघांनी दोन खेपांत उतरवले असते. एकट्याने एक मांडी खांद्यावर घेऊन पाहिली, आणि दहा पावलांवर गुडघा वाकेना.

"मग मी बसलो," विलास म्हणाला. "बसलो आणि वाटे घातले."

"किती?"

"अकरा. नऊ घरं, एक बंदुकीचा, एक कुत्र्याचा."

"कुत्रा कुठला?"

"कुत्रा नव्हता बाई. हाताला सवय."

उमाच्या जुन्या सुती साड्यांचे तुकडे त्याने मांस बांधायला नेले होते. त्यांत अकरा गाठोडी बांधली आणि दोन-दोन करून खाली आणायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा खेपा झाल्या. शिंगांचं डोकं तेवढं वर राहिलं होतं. सातव्या खेपेला पाय चालेना. खायचं सगळं खाली आलं आहे, डोक्याचं काय करायचंय, असं मनाशी म्हणून तो गाडीत बसला.

हायवेवर वन्यजीव खात्याचे लोक गाड्या थांबवून तपासत होते. एक तरुण अधिकारी, अगदी मऊ बोलणारा. त्याने लायसन्स पाहिलं, शिकारीची नोंद असलेला टॅग पाहिला, मग पहिलं गाठोडं सोडलं. काळीज, बरगडी, मांडी. दुसरं सोडलं. काळीज, बरगडी, मांडी. तिसरं सोडलं आणि त्याने विलासकडे पाहिलं.

"म्हणाला, सर, हे हरीण एक आहे की अकरा?"

मला हसू आलं. विलासलाही आलं, पण ते फार टिकलं नाही.

अधिकाऱ्याने विचारलं, डोकं कुठे आहे? विलासने सांगितलं, वर. शिंगं सोबत असल्याशिवाय ते चार टोकांच्या नराचं मांस आहे हे सिद्ध होत नाही. हे पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक बारा वर्षं दिलीप वाचत होता. विलासने त्याला वाट्यांची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला, हाक्यापासून. अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतली, वहीत काहीतरी लिहिलंही. मग दंडाचा कागद दिला आणि अकराच्या अकरा गाठोडी खात्याच्या ट्रकमध्ये गेली.

"साड्या परत मागायला हव्या होत्या," विलास म्हणाला. "उमाची एक त्यात चांगली होती."

उमाने साडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की दोन दिवस तो माणूस डोंगरात एकटा वरखाली करत होता आणि पडला असता तर कुणाला कळलं नसतं. पुढच्या उन्हाळ्यात तिने मला मुद्दाम बोलावून घेतलं. टेबलावर एका गाईडचं माहितीपत्रक आणि विलासचा जुना, घडीवर फाटलेला नकाशा शेजारी शेजारी ठेवलेले. मुलगी केया आलेली. दिलीप मार्कहॅमहून फोनच्या स्पीकरवर.

"गाईडबरोबर, नाहीतर नाही," उमा म्हणाली. "बाई, तुम्ही सांगा यांना. तुमचं ऐकतात."

"गाईड परदेशी लोकांना लागतो," विलास म्हणाला. "अमेरिकन, जर्मन. त्यांना कायद्यानेच घ्यावा लागतो. इथे राहणारा माणूस आपला आपण जातो. तीस वर्षं राहून मी पाहुण्यासारखा जाऊ?"

"अबे विल्या," फोनमधून दिलीप म्हणाला, "मी इथं नातवाचे डायपर बदलून राहिलो, तुला गाईडची लाज वाटून राहिली. जा ना गपचूप."

"तू ये मग."

"सुनेला विचार."

केया म्हणाली, "बाबा, जस्ट बुक इट. प्लीज. आय कान्ट डू अनदर नोव्हेंबर लाइक दॅट."

मी मास्तरणीसारखा प्रश्न विचारला. म्हटलं, "विलास, तुला नक्की काय हवंय? हरीण, की तिथे जाणं?" मला वाटलं होतं फार नेमकं विचारलंय. तो म्हणाला, "मला नीट खाली उतरायला हवंय, बाई." मग माहितीपत्रक पुढे ओढून त्याने चष्मा लावला.

गाईड होती लॉरेन नावाची, पन्नाशीची बाई. तीन घोडे, एक मदतनीस. ती त्याला विल म्हणायची. पहाटे त्याला पिकअपमधून एका कड्यावर नेऊन बसवलं, मांडीवर ब्लँकेट टाकलं, थर्मास दिला आणि सांगितलं की साडेआठच्या सुमाराला खालच्या झाडीतून नर बाहेर येईल. पावणेनऊला आला. पाच टोकांचा. विलासने गोळी घातली, एकच. लॉरेनने आणि मदतनिसाने अर्ध्या तासात हरीण कापून घोड्यांवर चढवलं, शिंगं सगळ्यांत वर बांधली. विलासने सुरी काढली तेव्हा ती म्हणाली, "यू रिलॅक्स, विल. हे आमचं काम."

"मग मी घोड्यामागून चालत खाली आलो," त्याने मला सांगितलं. "हात मोकळे. काय करावं त्यांचं कळेना. खिशात घातले."

"वाईट वाटलं?"

"तसं नाही." त्याने कप बाजूला सरकवला. "झोप आली. पिकअपमध्ये बसलो आणि कॅम्प येईपर्यंत झोपलो. जेवायला उठवलं, जेवलो, परत झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला उठलो. लॉरेनबाई म्हणाल्या, आम्हाला वाटलं डॉक्टर बोलवावा. दोन दिवस शिल्लक होते, त्यांनी विचारलं, फिरायला नेऊ का घोड्यावरून? मी म्हटलं, मी झोपतो."

घरी निघताना त्याने लॉरेनपुढे एक मांडी ठेवली. तिने विचारलं, हे कशाबद्दल? त्याने सांगितलं, घोड्यांचा वाटा. तिला वाटलं गंमत करतोय. पण तो गंमत करत नव्हता हे लक्षात आल्यावर तिने ती घेतली.

त्या वर्षीही नऊ घरांत डबे गेले. मला सफरचंदं आली. उमा निर्धास्त झाली होती. माझ्याबरोबर मॉलमध्ये चालताना म्हणाली, "आता दरवर्षी हेच. माझी काही काळजी नाही."

२०११ च्या जुलैमध्ये लॉरेनचं पत्र आलं, यंदाचे कुठले दिवस राखून ठेवू म्हणून. ते टेबलावर आठवडाभर तसंच पडून होतं. उमाने मला फोन केला. "हे काही बोलत नाहीत. तुम्ही येऊन बघता का?"

मी गेले. विलास मागच्या अंगणात खुर्चीवर बसला होता, पाय दुसऱ्या खुर्चीवर. गिरणी मार्चमध्ये बंद झाली होती आणि त्याला पेन्शनवर घरी बसवलं होतं. मी पत्राचं विचारलं.

"नाही जायचं, बाई."

"एकट्याने जायचा विचार आहे का?"

"छे. तेही नाही." त्याने गुडघ्यावर हात फिरवला. "लॉरेनबाईंचं काही चुकलं नाही. सगळं उत्तम केलं त्यांनी. पण मी किती दमलोय ते मला तिथे कळलं. दिलीप होता तेव्हा कळत नव्हतं. एकटा गेलो तेव्हाही नाही, तेव्हा नुसतं दुखत होतं. घोड्यामागून चालताना कळलं. आता पुन्हा जाऊन ब्लँकेट घेऊन कड्यावर बसायचं, ते मला जमणार नाही. आणि ब्लँकेटशिवायही जमणार नाही."

"उमाला सांगितलंस?"

"ती रडेल."

"आनंदाने?"

"आधी आनंदाने," तो म्हणाला.

उमा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं, आणि ती रडली नाही. म्हणाली, "मग मांसाचा फ्रीझर विकायचा का?" तो म्हणाला, "राहू दे." ती चहा टाकायला आत गेली. लॉरेनला उत्तर मीच इंग्रजीत लिहून दिलं, त्याच्या सांगण्यावरून, चार ओळींत. शेवटी घोडे कसे आहेत ते विचारलं होतं.

बंदूक त्याने त्या ऑगस्टमध्ये सरेतल्या एका ओळखीच्या माणसाला सगळी कागदपत्रं करून दिली. नंतर दोन महिने तो फारसा कुठे दिसला नाही. गणपतीला आला, पण खुर्च्या उचलायला दुसरे पुढे झाले आणि त्याने त्यांना उचलू दिल्या. दिवाळीला केयाने त्याला पोहायला नेलं, गुडघ्यांसाठी. तिथल्या गरम पाण्याच्या टबमध्ये त्याला एक इटालियन माणूस भेटला. त्याचं पोर्ट कोक्विटलाममध्ये मांसाचं दुकान आहे, आणि हंगामात शिकारी लोक त्यांची हरणं त्याच्याकडे कापायला आणतात. त्याला कापणारा माणूस हवा होता.

विलास आता त्या दुकानात कापायला आठवड्याचे तीन दिवस जातो, सकाळी नऊ ते दोन. उंच स्टूल आहे, त्याला बसून काम करू देतात.