बाबांच्या हातची शिवण

...तर आक्कानं टाके कापायची छोटी कात्री उचलली आणि तिच्या धाकट्या भावानं कपाळाला हात लावला. पण थांबा, आक्का कोण ते काल सांगायचंच राहिलं.

आक्का म्हणजे गल्लीच्या टोकाची शिवणवाली. शाळेचे गणवेश, पडद्यांच्या झालरी, सुटलेल्या पोटासाठी मोकळे केलेले सदरे, सगळं तिच्या मशीनखालून जातं. तिचे वडीलही शिंपीच, पण त्यांचं गिऱ्हाईक जगावेगळं. अंतराळातून परतणारी यानाची कुपी ज्या पॅराशूटला लटकून समुद्रात उतरली, ते शिवणाऱ्यांत बाबा होते. कुपी सुखरूप आली, पॅराशूटची तपासणी झाली आणि कारागिरांना त्याचा एकेक तुकडा भेट मिळाला. बाबांनी जग सोडून जाताना तो आक्काच्या ओटीत टाकला. कुणी पाहायला आलं की आक्का हात धुऊन तो बाहेर काढायची आणि ताठ मानेनं सांगायची, "हे कापड वर जाऊन आलंय."

त्या दिवशी भाऊ हौसेनं काचेची चौकट घेऊन आला होता. तुकडा आता भिंतीवर लागायचा. आक्कानं आधी तो नातीच्या हातात दिला. नात दुसरीतली, प्रश्नांचं पोतं.

"आजी, या शिवणीच्या आत काय आहे?"

"कापडात कापड अडकवून दुमडलंय. कितीही ओढ बसली तरी सुटत नाही."

"तू बघितलंस?"

बाबांचे टाके उसवायची आक्काची कधी छातीच झाली नव्हती.

"मला बघायचंय."

"झालं!" भाऊ म्हणाला. "आज शिवण उसवा, उद्या हातरुमाल करा. आक्का, बाबांची आठवण आहे ती."

आक्कानं शिवणीवरून एकदा बोट फिरवलं, कात्री उचलली आणि नातीला दिली. "एकेक टाका. घाई केलीस तर कापड फाटेल."

पोरीनं जीभ दातांत धरून बोटभर शिवण उसवली. बाहेरून कापड विटून राखाडी झालेलं. आत मात्र नारिंगी, जणू आजच ताग्यातून फाडलेलं.

"आजी, मग बाहेरचा रंग कुणी खाल्ला? उन्हानं की समुद्रानं? का वरच राहिला?"

इतकी माणसं कापड पाहून वाहवा करून गेली, पण असं कुणी विचारलं नव्हतं. आक्कानं भावाकडे असं पाहिलं, जणू पोरगीच वर जाऊन आली होती.

"आता हे उसवलेलं चौकटीत कसं बसवू?" भाऊ कुरकुरला.

"अरे शहाण्या, चौकटीत तुझा निवृत्तीचा फोटो लाव, रुबाबदार दिसतोस त्यात. हे कपाटात खालच्या कप्प्यात ठेव, पोरीचा हात पोचेल असं."