सोमवारचा उपास आणि पन्नास किलो

बापाने मला आयुष्यातला सगळ्यात मोठा मार साबुदाण्याच्या खिचडीवरून दिला. आजही खिचडी पुढे आली की आधी माझा उजवा कान गरम होतो आणि मग तोंडाला पाणी सुटतं. इतकी निर्लज्ज आहे मी.

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. मराठवाड्यातून आलेलं आमचं बौद्ध कुटुंब मुंबईबाहेरच्या गोडदेव गावातल्या एका चाळीत भाड्याने राहायचं. बाप मुंबईत एका ऑफिसात शिपाई होता, आई घरी ब्लाउज शिवायची. मी चौदा वर्षांची, अंगाने दणकट आणि कबड्डीत मारकी. समोरच्या पोरीचा घोटा हातात आला की तो सुजल्याशिवाय सोडायचे नाही. शेजारच्या नवघरला पन्नास किलोंच्या आतल्या मुलींचे सामने ठरले आणि मी भंगारवाल्याच्या काट्यावर जाऊन उभी राहिले, तर बावन्न! संघात राहायचं तर दोन किलो उतरवणं भाग होतं. ती जागा मला जिवापेक्षा प्यारी होती, कारण मैदानावर मी मारायचे आणि मार दुसरं कुणीतरी खायचं. घरी उलटं होतं.

आमची घरमालकीण मूळ गोडदेवचीच कोळीण. सोमवार आणि गुरुवार ती कडक उपास करायची आणि अंगाने काटकुळी होती. मी सरळ अर्थ काढला की उपास केला की माणूस बारीक होतो. आमच्या घरात उपास कुणी कधी पाहिलाच नव्हता, त्यामुळे त्या दिवशी लोक काय काय खातात याचा मला पत्ताच नव्हता. मी गुपचूप तिच्यासोबत उपास धरला.

"खा गो पोरी, ह्ये उपासाला चालतंय. न्हाय तर चक्कर येईल," म्हणत ती तूप सोडलेली खिचडी, तळलेले बटाट्याचे पापड, दाण्याचे लाडू पुढे सरकवायची. चालतंय म्हटल्यावर मी मनोभावे चापायचे. महिनाभराने काटा त्रेपन्नावर गेला. मला वाटलं, अजून कडक उपास करायला हवा.

पुढच्याच सोमवारी बाप दुपारीच घरी आला. मी मालकिणीच्या ओट्यावर बशी घेऊन बसले होते.

"आज तिचा उपास हाय," मालकीण कौतुकाने म्हणाली.

बापाने माझी वेणी धरली. ती कमरेच्या खाली यायची, आई रोज तेल लावून घालायची. त्या वेणीने त्याने मला ओट्यावरून खाली ओढलं आणि तशीच फरफटत आमच्या दारापर्यंत नेलं.

"कुण्या देवाचा उपास गं? आपण देव सोडले, अन् तू उपास धरतीस?" प्रत्येक शब्दामागे पट्टा येत होता. एक फटका कानावर बसला.

"देवाचा नाही, बाबा! वजनाचा!" मी किंचाळले. त्याला ते खोटं वाटलं. मग त्याने माझा जबडा दाबून तोंडात भाकरी कोंबली. मी त्याच्या बोटाला कडकडून चावले. रक्त आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी सरावाला आमच्या शिकवणाऱ्या ताईने माझ्या पाठीवरचे वळ पाहिले, खिचडीची हकीकत ऐकली आणि डोक्याला हात लावला. "अगं पागल, साबुदाणा खाऊन कोण बारीक झालंय? उपाशी राहूच नको. मधे भूक लागली तर भाजलेले चणे खा, काकडी खा, ताक पी. वडापाव, फरसाण एकदम बंद. भाकरी एक, उसळ दुप्पट. तीन आठवडे आहेत, होतंय."

आईने ते मनावर घेतलं. बापाला ताट भरलेलं दिसावं म्हणून ती मटकीची उसळ पसरून वाढायची, कडेने काकडी लावायची आणि खाली एकच भाकरी. माझ्या दप्तरात चण्यांची पुडी असायची. दोन आठवडे खपून गेलं. मग एकदा बापाने उसळ बाजूला सारून माझ्या भाकऱ्या मोजल्या आणि ताट भिरकावलं. ते आईच्या कपाळावर बसलं. नंतर तीन टाके पडले.

"माझी बहीण उपाशी मेली," तो म्हणाला. "दुष्काळात. माझ्या मांडीवर. माझ्या घरात कुणी अर्ध्या पोटानं उठायचं न्हाई."

"म्हणून आमाला पोटभर मारता व्हय?" आई म्हणाली. तिच्या भुवईवरून रक्त ओघळत होतं. मला बापाची कीव आली आणि त्या कीवेचाच भयंकर राग आला.

सामन्याच्या सकाळी मिठागराच्या कडेच्या मैदानात तोच भंगारवाल्याचा काटा आणून ठेवला होता. आई आमच्या बनियनांवर नंबर टाचायला आली होती. बाप गर्दीच्या मागे भाकरीचा डबा घेऊन उभा होता. मी काट्यावर चढले. दांडी जेमतेम वर राहिली.

"जरासं जास्त आहे," पंच म्हणाले. "शंभरेक ग्रॅम. नाही घेता येणार."

ताई पंचांशी हुज्जत घालत होती. आई मात्र माझ्या मागे आली. तिने वेणी मुठीत धरली, तेव्हा सवयीने मी मान आखडली. तिच्या हातात कापड कापायची मोठी कात्री होती. दोनतीनदा करकर आवाज झाला आणि माझं डोकं एकदम हलकं झालं.

"आता चढ," ती म्हणाली.

दांडी सरळ झाली. पंचांनी माझं नाव लिहिलं.

आई गर्दीतून वाट काढत बापापर्यंत गेली आणि सगळ्यांसमोर ती वेणी त्याच्या हातात ठेवली. "घ्या. ओढायची आसंल तर हिलाच ओढा."

मी मैदानात उतरले. सामनाभर बाप एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात माझी वेणी धरून उभा होता. ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.