विरजणातले वाचलेले जिवाणू आणि मगदूम सर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी मगदूम सरांना प्रथम भेटले ती न लागलेल्या दह्याचा डबा हातात घेऊन. कसबा बावड्याजवळच्या एका लहान डेअरीत मी नोकरीला होते आणि आमचे विरजण वारंवार फसत होते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या या प्राध्यापकांनी डबा हुंगला आणि म्हणाले, "ह्यात व्हायरस शिरलाय. जिवाणूंना बी रोग हुतात की! पीएच.डी. करणार काय?" मी विचारायला काय गेले आणि नाव नोंदवूनच परतले!

सरांच्या प्रयोगशाळेत एक शिस्त होती. सरांनी पाहिल्याशिवाय जिवाणू वाढवलेली एकही प्लेट टाकायची नाही. एकदा विषाणू सोडलेल्या प्लेटवर सगळे जिवाणू मेले, पण चार-पाच ठिपके तेवढे उगवले. बाहेरच्या जिवाणूंची भेसळ समजून मी ती प्लेट टाकायला निघाले, तर सर ओरडलेच, "अगं थांब! ही का मेली न्हाईत, ते आधी बघ की!" त्या ठिपक्यांतल्या जिवाणूंनी दूध झकास विरजले. विषाणू त्यांना चिकटत होता, पण मारू शकत नव्हता. का, ते काही केल्या कळेना.

प्रबंधात मी एक पटण्याजोगे कारण ठोकून दिले. सरांनी ते खोडले आणि "कारण कळले नाही" असे लिहायला लावले. परीक्षकांनी नेमके त्यावरच बोट ठेवले आणि पदवी वर्षभर लांबली. जयसिंगपूरच्या एका महाविद्यालयातली माझी जागा त्या पदवीवर अवलंबून होती. मी अशी चिडले की वर्षभर सरांकडे फिरकले नाही. सर मात्र गुपचूप एस.टी.ने जयसिंगपूरला गेले आणि प्राचार्यांना म्हणाले, "पोरीचं काम चोख हाय. उशीर माझ्यामुळं झालाय." जागा माझ्यासाठी राखली गेली. हे मला फार पुढे प्राचार्यांकडून कळले. सर स्वतः कधी बोलले नाहीत.

दोन हजारच्या दशकात परदेशातल्या एका शोधलेखात त्या कोड्याचे उत्तर आले. वाचलेला जिवाणू विषाणूच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या डीएनएत जपून ठेवतो. त्यावरून बनलेला आरएनए पुढच्या वेळी तोच विषाणू ओळखतो आणि सोबतचे प्रथिन विषाणूचा डीएनए कापून टाकते. तोवर निवृत्त झालेले सर तो लेख घेऊन थेट माझ्या वर्गातच आले! मी म्हटले, "सर, तुमचंच खरं ठरलं."

"खरं कुठलं? आपल्याला कळलंच नव्हतं की!" असे म्हणून सर मोठ्याने हसले. माझे ते ठोकून दिलेले कारण छापले गेले असते, तर त्या दिवशी मला तोंड लपवावे लागले असते.

सर, त्या वर्षभराच्या अबोल्याची माफी मी आजवर मागितलेली नाही. धीरच झाला नाही. आपल्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात, सर्वांच्या देखत ती मागते. आपल्याला भरपूर आणि ठणठणीत आयुष्य लाभो. माझ्यावर रागवायचे आपले राहूनच गेले आहे. सावकाश रागवा, सर.