बोल्ट काढलेलं घर

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दिवाळी तोंडावर आली असताना ताईला तिच्या सासरच्यांनी देवळ्याहून आमच्याकडे नाशिकला आणून सोडलं. नवरात्रात तिचं सात महिन्यांचं बाळ पोटातच गेलं होतं. थोडे दिवस माहेरी विश्रांती घेऊ दे, म्हणाले. न्यायला मात्र कुणी आलं नाही. आधी कांद्याच्या हंगामाचं कारण निघालं, मग नणंदेच्या लग्नाचं. पुढे शेजारच्यांच्या फोनवर कारणं सांगणंही बंद झालं.

मी तेव्हा अकरावीत होते. आमचं घर पंचवटीच्या मागच्या अंगाला, बसकं, तीन खोल्यांचं. अण्णा ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. घर बांधलं तेव्हा प्रत्येक दाराला त्यांनी स्वतःच्या हाताने जाड लोखंडी बोल्ट बसवले होते. बाजारातले पत्र्याचे बोल्ट त्यांना चालत नसत.

ताई कुणाशी बोलत नव्हती. वाढलं तर जेवायची, सांगितलं तर आंघोळ करायची. एका दुपारी ती मागच्या खोलीत गेली आणि आतून बोल्ट सरकवल्याचा आवाज आला. आईने हाक मारली. पुन्हा पुन्हा मारली. मग आम्ही दोघी दार वाजवू लागलो, ढकलू लागलो. दार हलेना. आईचा आवाज फाटला. ती खालच्या फटीशी तोंड नेऊन म्हणत होती, "बाळा, उघड गं. मी काही म्हणणार नाही तुला."

देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेले एक फौजी काका शेजारी राहत. मी त्यांना बोलावून आणलं. त्यांनी खांद्याने धडका दिल्या, तेव्हा कुठे चौकटीवरची पट्टी स्क्रूंसकट उखडली.

ताई कपाटाच्या आडोशाला बसली होती. तोंडात पदराचा बोळा कोंबलेला, डोळे तांबारलेले. आई तिच्यावर झेपावली. तिची मनगटं तपासली, तोंडाचा वास घेतला, खोलीचा कोपरा न् कोपरा पाहिला. ताईने काहीही केलं नव्हतं. ती रडत होती, एवढंच.

अण्णा कामावरून आले. आईने सांगितलेलं त्यांनी उभ्यानेच ऐकून घेतलं. चहाला हात लावला नाही. पेचकस घेतला आणि आतल्या सगळ्या दारांचे बोल्ट काढले. न्हाणीघराचा काढला, संडासाचाही काढला. सकाळी कामाला जाताना ते सगळे पिशवीत भरून नेले आणि भंगारात देऊन टाकले.

त्यानंतरचे दिवस बोल्टाशिवायचे. आंघोळीला गेलं की दाराला आतून भरलेली बादली टेकवायची आणि काहीतरी गुणगुणत राहायचं. ताई आत असली की आई बाहेर भाजी निवडत बसे आणि सारखी विचारी, "ऐकतेस ना?" आतून "हो" आलं पाहिजे. यायला उशीर झाला की आई दार ढकलून आत. ताईची पाठ, पोट, तिला अजून येणारं दूध, सगळं आमच्यासमोर उघडं पडलं होतं. ती आमच्यापैकी कुणाच्याही डोळ्यांत बघत नसे. आईचीही झोप गेली. अण्णा वाळत चालले. ताईसमोर तिचं दुःख कुणी बोलून दाखवत नव्हतं, आणि तिच्यावरची नजर कुणी काढतही नव्हतं.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी ताई दूध आणायला गेली ती परतलीच नाही. आई अनवाणी गंगेकडे, म्हणजे गोदावरीच्या रामकुंडाकडे धावली. अण्णा पुलाकडे गेले. ते दोघं पाण्याकडे का गेले, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ती कदाचित देवळ्याच्या गाडीत बसली असेल, म्हणून मी काकांबरोबर बसस्टँडवर गेले. गाड्या पाहिल्या, कंडक्टरांना विचारलं. कुणाला ठाऊक नव्हतं. तेवढ्यात बायकांच्या संडासापाशी पैसे घेणारी बाई म्हणाली, "एक जण कवाची आत हाय. दार उघडीत नाय. तुमची हाय का बघा."

दाराखालून मला ताईच्या चपला दिसल्या. मी हलकेच हाक मारली. आतून आवाज आला, "येते. थोडं थांब."

बाहेर रांग लागली होती, बायका कुरकुरत होत्या. माझी बहीण आजारी आहे, असं सांगत मी दाराला पाठ लावून उभी राहिले. आतून हुंदके येत होते. मी पुन्हा हाक मारली नाही.

घरी आल्यावर कुणी तिला रागावलं नाही. अण्णा ओसरीत बसले होते. ताई त्यांच्यापुढे उभी राहिली.

"अण्णा, मरायचं असतं तर गंगा जवळच होती. मला फक्त रडायचंय. त्यासाठी एक दार द्या मला."

सुट्टीच्या दिवशी अण्णा नवीन बोल्ट घेऊन आले. जुन्या भोकांत स्क्रू धरेनात, म्हणून तो थोडा वर बसवावा लागला. आयुष्यभर हत्यारं धरलेला माणूस, पण पेचकस सारखा घसरत होता.

त्या दुपारी ताई आत गेली. बोल्ट सरकला. काही वेळाने तिचं रडणं ऐकू आलं, या वेळी तोंड न दाबता, मोकळ्या गळ्याचं, गाय हंबरते तसं. आई उठून दाराकडे निघाली. अण्णांनी तिचा दंड धरला. "राहू दे," म्हणाले. आईने भिंतीला डोकं टेकलं. आम्ही तिघं ते ऐकत बसून राहिलो. आत ती फक्त रडतेच आहे ना, आवाज थांबला तर काय करायचं, हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही.

सासरचे कधीच आले नाहीत. आली ती वकिलाकडून घटस्फोटाची नोटीस. पुढे ताई शिवणक्लासमध्ये शिकवायला जाऊ लागली आणि दोन हजार सालानंतरही जात राहिली. बरी झाली, असं म्हणवत नाही. दर वर्षी नवरात्र आलं की तिचं जेवण कमी होई, आई तिच्या ताटाकडे बघत राही, आणि आम्ही कुणीच काही विचारत नसू.