खिडकी आणि मागचं दार
सोसायटीत रंगकाम निघालं की थिनरच्या वासाने मला एक जुना डेमो आठवतो. नव्वदच्या दशकात मी महापेच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नवीन होते आणि जवळच्याच पावणे गावच्या एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात आमच्या स्टॉकच्या प्रोग्रॅमचा डेमो होता. आमच्या सरांचा हट्ट असा की स्क्रीनने डेटाबेसला थेट हात लावायचा नाही, प्रोग्रॅमच्या मधल्या थराकडे माहिती मागायची. मग उद्या आत काहीही हलवलं तरी स्क्रीन बिघडत नाही. तो थर मी लिहिला होता, आणि त्यातून माहिती यायला इतका वेळ लागत होता की कारखान्याच्या मॅनेजरसमोर स्क्रीन अजून कोरीच्या कोरी होती. सगळं मधल्या थरातून येतंय म्हणून वेळ लागतोय, असं मी सांगितलं. "मॅडम, हा मधला दलाल कशाला? डायरेक्ट घ्या ना!" मॅनेजर म्हणाला. सरांनी माझ्याकडे पाहिलं. आता सर हो म्हणणार, असं मला वाटलं. तेवढ्यात गोडाऊनकडून आरडाओरडा झाला, पाठोपाठ नाक जाळणारा वास आला आणि आम्ही सगळे कंपाउंडमध्ये पळालो. स्टोअरकीपरच्या खिडकीवर रांग होती म्हणून एक कामगार मागच्या दाराने आत शिरला होता. ड्रमच्या जागा आदल्याच दिवशी बदललेल्या. त्याने नेहमीच्या कोपऱ्यातला ड्रम उचलला आणि रंगात ओतला, आणि तो निघाला भलत्याच जहाल थिनरचा. नशिबाने कुणाला काही झालं नाही. "खिडकीवर मागितला असता तर बरोबर ड्रम मिळाला असता," सर हळूच म्हणाले. मॅनेजरने डोळे पुसत मान हलवली. "ते बरोबर आहे हो, पण स्क्रीन फास्ट कधी होणार?" हल्ली मीटिंगमध्ये माझ्या हाताखालच्या टीमला हाच प्रश्न मी विचारते, आणि खोलीत कुठेच थिनर नसताना मला वास येतो.