कशावरूनबाई

आमच्या शास्त्राच्या बाईंना नुसत्या बरोबर उत्तराचा आनंद होत नसे. "गरम केलं की धातू प्रसरण पावतो," असं धडाधड सांगून मी खाली बसायला लागले की त्या विचारत, "कशावरून?" पुस्तकात आहे म्हटलं, तर म्हणत, "पुस्तक लिहिणाऱ्यानं पाहिलं असेल. तू काय पाहिलंस?" आष्ट्याच्या आमच्या शाळेत त्यांचं नावच कशावरूनबाई पडलं होतं.

प्रयोगशाळा म्हणजे एक काचेचं कपाट. त्याची किल्ली हेडसरांच्या खणात, कारण काही फुटलं तर जबाबदार ते. तपासणीच्या दिवशी तेवढं कपाट उघडून नळ्या पुसल्या जात. बाई मग घरचा स्टोव्ह आणि पितळी तांब्या पिशवीत घालून आणत. प्रत्येक मुलीला जवळ येऊन बघता यावं म्हणून एकाच प्रयोगात दोन दोन तास जात आणि धडे मागे राहत. मला, पहिल्या नंबराच्या मुलीला, त्याचा राग येई. मला उत्तरं लिहून हवी होती.

मी नववीत असताना, सत्तरच्या आसपास, परदेशात तयार झालेली शास्त्राची एक परीक्षा आमच्याकडे आली. तीच परीक्षा कितीतरी देशांतली मुलं देणार होती. निवडलेल्या शाळांत आपली शाळा आहे म्हणून हेडसरांनी भिंतींना चुना लावून घेतला. कपाट मात्र बंदच राहिलं.

पेपर मराठीत होता. एकेका प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यांतल्या बरोबर उत्तरावर खूण करायची. असं काही आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं. कुणी चारही उत्तरांवर खुणा केल्या, कुणी प्रश्नच वळणदार अक्षरात उतरवून काढले. माझ्या वर्गातली शकू भुईमूग काढायला तीन आठवडे घरी होती, ती तशीच येऊन बसली.

पेपर सुटल्यावर बाईंनी तिला विचारलं, "भाताच्या झाकणाला आतून पाणी कुठून येतं गं?"

"वाफ झाकणाला लागून गार हुती, मग पाणी हुतंय. रोज बघतो की आमी."

"मग लिहिलं का नाहीस?"

"त्यात संघनन इचारलं हुतं, बाई. ते आमी कवा बघितलंच न्हाई."

आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत.

काही महिन्यांनी वरून पत्र आलं. आमची शाळा फार खाली होती. कारणं कळवा, असं त्यात होतं. हेडसरांनी मला बोलावलं म्हणून मी व्हरांड्यात थांबले होते. आत बाई होत्या.

"विद्यार्थ्यांची मंद बुद्धी आणि पालकांची उदासीनता, एवढं पुरे," हेडसर म्हणत होते. "तुम्ही हे काय लिहून आणलंय? कपाट बंद असतं, सुगीत मुली घरी राहतात, पुस्तकातली मराठी त्यांना कळत नाही, वर्गात मुलांना प्रश्न विचारू देत नाहीत. बाई, हे आपल्याच अंगाशी येईल."

"यायलाच हवं, सर. मुलं मंद नाहीत. त्या कागदावर मी सही करणार नाही."

बाई बाहेर आल्या आणि हेडसरांनी मला आत बोलावलं.

"बाई अभ्यासक्रम पूर्ण करतात का?" सरांनी विचारलं.

"नाही सर."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला सही करायला लावली. मी सुंदर सही केली.

पुढच्या महिन्यात बाईंची बदली पाटणच्या पलीकडे संस्थेच्या डोंगरातल्या शाखेत झाली. निरोपसमारंभ झाला नाही. नव्या सरांनी प्रश्नोत्तरं लिहून दिली, आम्ही ती पाठ केली, शाळेचा निकाल वाढला. हेडसरांचा सत्कार झाला. शकू दहावीपर्यंत पोचलीच नाही.

मी बी.एड.ला असताना कऱ्हाडच्या स्टँडवर बाई भेटल्या. केस पांढरे झाले होते, हातात तीच पिशवी होती. बोलता बोलता मी रडले आणि त्या सहीचं सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "तू खोटं कुठं बोललीस? विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलंस. आपल्या शाळेनं दुसरं शिकवलं होतं काय तुला?"

पाटणची गाडी लागली. गर्दीतून वाट काढत त्या चढल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, आणि मीही हात वर केला नाही.