वीस इंचांचा पीळ

आर्डिस ट्वेट काउंटीच्या खडीच्या रस्त्यांवर ग्रेडर, म्हणजे रस्ता खरवडून सारखा करायचं यंत्र, चालवायची. चोवीस वर्षं. पूर्व मोंटानातले ते रस्ते प्रत्येक वादळानंतर खचायचे, ती ते पुन्हा मधे उंच आणि कडेला उतरते करायची, आणि पुढचं वादळ तिचं काम पुसून टाकायचं. या धंद्यात जमिनीचं म्हणणं बसल्या जागी बुडाला कळतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारत बसावं लागत नाही. गावात तिला हेकट म्हणत, तोंडावरही म्हणत. हेकट नसते तर तुमच्या गाड्या नाल्यात असत्या, असं ती म्हणे आणि कॉफी ओतून घेई.

फेब्रुवारीत तिचे वडील हाल्वोर गेले. त्यांची एकबारी रायफल आर्डिस आणि तिचा धाकटा भाऊ वेंडेल या दोघांच्या नावावर आली. सव्वाशे वर्षांहून जुनी, चाळीस कॅलिबरची, आठकोनी नळीची. वेंडेल विमा विकायचा आणि गावच्या संग्रहालयाच्या समितीवर होता. ती रायफल काचेच्या पेटीत ठेवायची, पुन्हा उडू नये म्हणून आतला घोडा काढून, खाली वडिलांचं नाव लिहून, असं त्यानं दफनाच्या जेवणातच सांगून टाकलं. त्याच्या मते तो मान होता.

रायफलची नळी मेलीय, आतल्या पीळदार खाचा झिजल्यात, हे गावच्या नेमबाजी क्लबातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. शेवटची दहा वर्षं हाल्वोरच्या गोळ्या निशाणाच्या कागदावर आडव्या लागत. गोल भोकाऐवजी लांबट चिरा पडत. हाल्वोर दर सप्टेंबरच्या स्पर्धेत शेवटचा यायचा, रूबार्बच्या आंबट देठांची गोड पेस्ट्री खायचा आणि रायफल पुसून घरी न्यायचा. एकदाही कुरकुरला नाही.

"नळी मेली नसेल तर?" आर्डिसनं विचारलं.

"मग तूच मार. सप्टेंबरात, दोनशे यार्डांवर, दहा गोळ्या," वेंडेल म्हणाला. "एक जरी आडवी लागली तर काचेत. आणि मग तोंड पाडून बसायचं नाही."

"दहाही गोल लागल्या तर?"

"तर तुझी. कागद करून देतो."

हाल्वोरचा मूळ साचा, म्हणजे शिसं ओतून गोळी करायचा तो चिमट्यासारखा दोन फाळक्यांचा लोखंडी ऐवज, बारा वर्षांपूर्वी तळघरात पाणी शिरलं तेव्हा गंजून खड्ड्याखड्ड्यांचा झाला होता. नंतर ऑरिन केसेलनं हाल्वोरला आपल्याजवळचा एक साचा भेट दिला. ऑरिन क्लबातला सर्वांत म्हातारा, स्पर्धेचा पंच, हाल्वोरचा चाळीस वर्षांचा मित्र. त्या साच्यातून चारशे ग्रेनची, म्हणजे सव्वीसेक ग्रॅमची, लांब गोळी पडायची. क्लबात सगळे तीच मारत.

मार्चमध्ये चर्चच्या तळघरात क्लबाची बैठक झाली. बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी, साखर आणि भिंतीला पाठ लावून बसलेले म्हातारे. आर्डिस नवा साचा मागवणार हे कळल्यावर प्रत्येकानं आपलं माप तिच्या पदरात टाकलं. लांब गोळी घे, जड घे, आपल्याकडचा वारा हलक्या गोळीला पाचोळ्यासारखा उडवतो. तिनं सगळं ऐकलं आणि एकही आकडा लिहून घेतला नाही.

"अगं पोरी, साचा आहेच की घरात, मी दिलेला," ऑरिन म्हणाला. "नळीच गेली तर साच्यानं काय होणार?"

"नळीला अजून कुणी विचारलं नाही, ऑरिन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं. नळीला तेलाचं बोट लावलं, मऊ शिशाची गोटी तोंडाशी ठोकली आणि दांड्यानं हळूहळू आतून पार केली. पलीकडे शिसं बाहेर पडलं तेव्हा त्याच्या अंगावर आतल्या अंधाराचा छाप होता. खाचा स्वच्छ, कडा धारदार. मेलेल्या नळीची अशी खूण नसते. मायक्रोमीटरनं मोजलं तर इंचाच्या हजार भागांतले चारशे पाच भरले. ती तोच आकडा लिहिणार होती, पण हात थांबला. खाचा पाच होत्या. विषम. एका खाचेसमोर दुसरी खाच येतच नव्हती, उंचवटा येत होता. मायक्रोमीटर खरी रुंदी पकडणार कशी? क्लबातले दोघे याच चुकीनं बारीक साचे घेऊन बसले होते आणि नळीत शिसं माखतं म्हणून देवाला दोष देत होते. तिनं पितळेची पातळ पट्टी गोटीभोवती गुंडाळली, वरून मोजलं, दोन्ही बाजूंची पट्टीची जाडी वजा केली. चारशे आठ.

मग पीळ. दांड्याला घट्ट चिंधी बांधून ती आत ढकलायची. चिंधी खाचा धरून फिरते, तिच्याबरोबर दांडा फिरतो. एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो, तेवढा नळीचा पीळ. क्लबातल्या बहुतेकांच्या नळ्या नव्या होत्या, सोळा इंचांच्या पिळाच्या. हिचीही तशीच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आर्डिसनं दांड्यावर खडूची खूण केली. सोळा इंच गेले, फेरा पुरा झाला नाही. अठरा. विसाला झाला. तिनं तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वीसच आले.

ती पायरीवर बसली. सैल पीळ लांब गोळीला पुरेसं गरगरवू शकत नाही. गोळी वाटेत डोलते आणि कोलमडून आडवी लागते. नळी दहा वर्षं ठणठणीत होती. आणि वडिलांना हे मोजता येत नव्हतं, असं म्हणायला तिची जीभ रेटेना. ते भेटीला नावं ठेवणाऱ्यांतले नव्हते. मित्रानं दिलेला साचा, तो वापरायचा, शेवटचं यायचं, पेस्ट्री खायची. तिला त्यांचा राग आला. ते मेल्यावर पहिल्यांदाच आला, आणि तो बराच वेळ गेला नाही.

आयडाहोत एक माणूस एकटाच साचे कापायचा, एकेक, सहा महिन्यांच्या बोलीनं. एकदा कापला की बदल नाही. आर्डिसनं त्याला पत्र लिहिलं: व्यास चारशे नऊ, खाचेहून एक जास्त, वजन तीनशे तीस ग्रेन, आखूड, शिसं वीस भाग, कथील एक भाग. हे प्रमाण त्याला लागतं, कारण शिसं थिजताना किती आकसेल ते कथलावर ठरतं. वाऱ्याचं काय, हा प्रश्न तिच्याही मनात होता. पाकीट तिनं तरीही चिकटवलं.

साचा आला स्पर्धेच्या आधीच्या बुधवारी. गुरुवारी कामावरून आल्यावर ती अंगणात ओतायला बसली. थंड साच्यातल्या पहिल्या वीसेक गोळ्या म्हातारीच्या गालासारख्या सुरकुतल्या. त्या तिनं परत भांड्यात टाकल्या. साचा तापला तशा गोळ्या भरीव, चकचकीत पडू लागल्या. शंभरातल्या एकेचाळीस तिनं ठेवल्या. शुक्रवारी खडीच्या खाणीत शंभर यार्डांवर पाच मारल्या. पाचही गोल. पण दुप्पट अंतरावर वारा दुप्पट वेळ मिळवतो, आणि डोलणारी गोळी तिथंच उघडी पडते.

शनिवारी वारा होताच. वेंडेल मागे दुर्बिणीला डोळा लावून उभा होता, चांगला कोट घालून. आर्डिसनं दहा गोळ्या सावकाश मारल्या, प्रत्येक गोळीनंतर नळी ओल्या चिंधीनं पुसत. सातव्याच्या वेळी वारा एवढा चढला की तिनं बंदूक खाली ठेवली आणि गवत डोलायचं थांबेपर्यंत थांबली. कुणीतरी मागून म्हणालं की बाई रस्ता करायला आल्यात की नेम धरायला. तिनं वळूनही पाहिलं नाही.

कागद काढायला वेंडेल, आर्डिस आणि ऑरिन गेले. दहा भोकं. वाऱ्यानं त्यांना उजवीकडे पसरवलं होतं; नंबर काही येणार नव्हता. वेंडेल एकेका भोकावर बोट ठेवत गेला. नवव्यावर थांबला. त्याची कड एका बाजूनं ओढल्यासारखी लांबली होती.

"ही आडवी," तो हळू म्हणाला. त्याला आनंद झालेला दिसत नव्हता.

पंच ऑरिन होता. त्यानं चष्मा वर केला, कागद उलटा करून पाहिला, मग कागदामागची लाकडी पाटी पाहिली. पाटीची एक ढलपी निघाली होती. त्यानं आर्डिसकडून एक गोळी मागून घेतली आणि तिचं बूड भोकात बसवलं. बूड सगळीकडून टेकलं. फाटलेला कागद फक्त ढलपीच्या बाजूला होता.

"गोल आहे," ऑरिन म्हणाला. गोळी त्यानं लगेच परत दिली नाही. ती त्याच्या तळहातावर होती, आखूड, बुटकी. "केवढा पीळ आहे गं त्या नळीचा?"

"वीस."

म्हाताऱ्यानं गोळी उजेडात फिरवून पाहिली. "म्हणजे दहा वर्षं माझ्याच साच्यानं..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "हाल्वोरनं मला सांगायचं ना."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," आर्डिस म्हणाली.

"आत्ता काय बरं वाटतंय?"

वेंडेलनं कोटाच्या खिशातून, रायफल आर्डिसला दिल्याचा, घडी केलेला कागद काढला. तो घरूनच लिहून आणलेला होता. खाली त्याची सही होती, तारखेची जागा तेवढी कोरी. त्यानं पेन मागितलं. ऑरिननं गुणपत्रकाचं पेन दिलं आणि वेंडेलनं गुडघ्यावर कागद ठेवून तारीख घातली.

दुसरी फेरी तीनशे यार्डांवर होती. आर्डिसनं कागद खिशात घातला, उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि झेंड्याकडे बघत वाऱ्याचा अंदाज घेऊ लागली.